व्हर्ला ब्रन्सवोल्डची रेषा

“आर्लो, तू नेब्रास्कात उभा आहेस,” व्हर्ला म्हणाली.

मी माझ्या दुकानासमोरच्या खडीच्या मैदानात उभा होतो. हातात गळाला लावायच्या जिवंत माशांची बादली होती. आपण आयोवात उभे आहोत याबद्दल एकाहत्तर वर्षांत मला कधी शंका आली नव्हती. मी खाली बघितलं. खडी नेहमीसारखीच दिसत होती.

“सकाळी सकाळी काय घेऊन आलीस?” मी विचारलं.

“कॉफी. तुझ्याच दुकानातली. तिला कॉफी म्हणायचं नाही, हे मी तुला दोन वर्षं सांगतेय.”

ती हसत नव्हती. व्हर्ला विनोद करताना हसत नाही आणि विनोद करत नसतानाही हसत नाही, त्यामुळे माणसाची पंचाईत होते. मी बादली खाली ठेवली.

व्हर्ला ब्रन्सवोल्ड म्हणजे उंच, काटक, पाठीत जराही न वाकलेली बाई. आम्ही एका शाळेत, एका वर्गात होतो. एकतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली. या एकतीस वर्षांत तिला एकदाच उशीर झाला. तेव्हा रस्त्याच्या मधोमध एक गाय विण्याच्या बेतात होती. व्हर्लानं बस थांबवली, बाह्या वर केल्या, वासरू बाहेर ओढलं, हात बर्फात पुसले आणि चार मिनिटं उशीर झाल्याबद्दल मुख्याध्यापकांना लेखी माफीपत्र दिलं. मी सांगतो त्यातलं अर्धं लोक सोडून देतात आणि बरोबरच करतात. पण व्हर्लाबद्दलचं सोडू नका. ते माफीपत्र मी पाहिलंय.

निवृत्त झाल्यावर आमच्याकडे बायका गोधड्या शिवतात, नाहीतर हिवाळाभर ॲरिझोनात जाऊन ऊन खातात. व्हर्लानं राज्याची हद्द चालायला घेतली.

त्याचं असं झालं. आमच्या आयोवात फोनवरून सामन्यांवर पैज लावणं कायदेशीर झालं. सुरुवातीला खातं उघडायला कॅसिनोत जाऊन तोंड दाखवावं लागायचं. मग तेही गेलं, आणि लोक घरबसल्या, संडासात बसल्या, चर्चमध्ये बसल्या पैजा लावू लागले. नदीपलीकडच्या नेब्रास्कानं मात्र फोनवर नको म्हणून सांगितलं. मग तुम्ही कुठं उभे आहात हे फोनला कळायला हवं. त्यासाठी एका कंपनीनं दोन राज्यांच्या मधे एक न दिसणारी रेषा आखली. रेषेच्या अलीकडे फोन ‘हो’ म्हणतो, पलीकडे ‘नाही’. आणि तो खरंच तसं म्हणतो का, हे बघायला कुणालातरी चालावं लागतं. सहा खिशांचं मासेमारीचं जाकीट, प्रत्येक खिशात एक फोन, पन्नास पावलं चालायचं, सहाही फोनवर खोटी खोटी पैज दाबायची, काय उत्तर आलं ते वहीत लिहायचं, पुन्हा पन्नास पावलं. मक्याच्या शेतांतून, चिखलातून, कुत्र्यांतून. दोन वर्षं. दर दुपारी माझ्या दुकानात येऊन चिलीचा, म्हणजे खिमा-राजम्याच्या दाट रश्श्याचा, वाडगा आणि दालचिनीचा पाव. तिचं टेबल ठरलेलं, खिडकीजवळचं.

आता त्या खडीच्या मैदानाबद्दल सांगतो, कारण सगळं त्यावरच अडलं होतं.

नेब्रास्काकडून पूल ओलांडून आलात की पहिलं लागतं ते माझं मैदान. ज्या वर्षी फोनवरचा खेळ सुरू झाला, त्या वर्षी एका शनिवारी तिथं एक गाडी येऊन थांबली. मला वाटलं, टायर गेला असेल. पुढच्या शनिवारी नऊ गाड्या आल्या. फुटबॉलच्या हंगामात तर मी एकशे चाळीसपर्यंत मोजल्या आणि मग मोजणं सोडून चिली ढवळायला गेलो. एकदा लग्नाचं वऱ्हाड थांबलं, नवरीला गाडीत ठेवून. एकदा एक प्रेतयात्रा थांबली, शववाहिनीसकट, सामना सुरू व्हायला चार मिनिटं असताना. मयताच्या मुलानं मला सांगितलं की, बाबांना वाईट वाटलं नसतं, वाईट वाटलं असतं ते सामना चुकला तर. गाड्यांतली माणसं पैज लावायची आणि मग त्यांना भूक लागायची. बुडीत चाललेलं माझं दुकान त्या शनिवारांवर उभं राहिलं. छप्पर नवं घातलं. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशनही त्या शनिवारांनीच केलं.

“हे मैदान आयोवात आहे,” मी व्हर्लाला म्हटलं. “नदी तिकडे आहे. डोळे आहेत ना तुला?”

“नदी तिकडे आहे. हद्द तिकडे नाही,” ती म्हणाली. “नदी सरकली, आर्लो. हद्द सरकत नाही.”

ही चूक आमच्याकडे कुणाकडूनही होऊ शकते. मिसुरी नदी म्हणजे झोपेत कूस बदलणारी बाई. माझे आजोबा सांगायचे, त्यांच्या वेळी एका पुरात नदीनं अशी कूस बदलली की एका शेतकऱ्याची डुकरं झोपली आयोवात आणि उठली नेब्रास्कात. शेवटी दोन्ही राज्यं भांडून थकली आणि जुन्या पात्राच्या मधोमध रेषा ठरवून मोकळी झाली. यापुढे नदीनं काय करायचं ते करावं. कागदावर हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण डोळ्यांसमोर पाणी वाहताना हद्द त्या पाण्यात नाही, माझ्या दुकानाच्या पायरीपुढच्या लव्हाळ्याच्या खळग्यात आहे, असं कुणाच्या मनात येणार? कंपनीच्या नकाशावाल्याच्याही आलं नाही. त्यानं निळी नदी बघितली आणि तिच्या मधून रेघ ओढली.

“तुला कसं कळलं?” मी विचारलं.

“बसमुळे.” तिनं दुकानाच्या पायरीजवळच्या, रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोरीकडे बोट दाखवलं. “एकतीस वर्षं मी बस तिथं वळवत आले. इथं एवढं मोकळं मैदान असताना त्या अरुंद मोरीवर, मागे-पुढे, मागे-पुढे करत. माझ्या आधीच्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं, इथंच वळव. बस राज्याबाहेर न्यायची नाही हा नियम. मी कधी विचारलं नाही, की इथंच का. परवा भांडी घासताना एकदम लक्षात आलं. मग कौंटीच्या कचेरीत जाऊन मोजणीचे जुने कागद काढले. लव्हाळ्यात हद्दीचा दगडही आहे, आर्लो. त्यावर आकडा आहे.”

मला आठवलं, त्या मैदानातलं गवत गेली चाळीस वर्षं कुठल्याच कौंटीनं कापलं नव्हतं. खडी मीच टाकून घेतली होती. कुणी कर मागितला नव्हता. मला वाटायचं, देवाची कृपा आहे.

“म्हणजे दुकान आयोवात.”

“पायरीपर्यंत.”

“आणि मैदान नाही.”

“नाही. रेषा दुरुस्त केली की फोन तिथं ‘नाही’ म्हणतील.”

मला हिशेब करायला वेळ लागला नाही. दुकानात आठ माणसं उभी राहिली की नववा बाहेर पडतो, आणि मागे दलदल. माणसं गाडी थांबवायचीच नाहीत. आणखी चार मैल जातील, हायवेवरच्या पेट्रोल पंपावर. तिथली संडासं स्वच्छ आहेत.

“तू हे लिहिणार?” मी विचारलं.

“लिहिणार. पण आधी तुला सांगायला आले. तुझं नुकसान आहे, ते तुला दुसरीकडून कळू नये.”

मी तिला थांबायला सांगितलं. चिली दिली, पाव दिला. म्हटलं, नदीपासून इथवर दोनशे पावलं, तेवढ्यानं कुणाचं काय बिघडतं? तिनं सगळं ऐकून घेतलं, पाव अर्धा केला आणि म्हणाली, “तिकडच्या लोकांनी ठरवलंय की आमच्याकडे फोनवर नको. शहाणपणानं ठरवलं की मूर्खपणानं, ते मला विचारू नकोस. त्यांची जागा त्यांची. आणि मी एकदा म्हटलं ना, की दोनशे पावलं चालतात, तर मग दोन वर्षांत लिहिलेली माझी एकही ओळ खरी राहत नाही. सगळ्याच ‘चालतं’ म्हणून लिहिलेल्या होतात.”

यावर मी जे बोललो ते लिहायला नको वाटतं, पण लिहितो. मी म्हटलं, “मग उद्यापासून तुझी चिली पेट्रोल पंपावर खा.”

ती उठली. पैसे टेबलावर ठेवले, नेहमीसारखे, वाडग्याखाली. “बरं,” म्हणाली. दार हळू लावून गेली. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी रविवार आला. दहाच्या सुमारास सगळं गाव लूथरन चर्चमध्ये असतं, तेव्हा मी ट्रॅक्टर काढला. माझा विचार असा होता, की उद्या राज्याचा मोजणीदार आला, तर दगड बघायलाच येणार. दगड नदीकाठी असला तर हद्दही नदीकाठी. एवढा साधा विचार आजवर कुणी कसा केला नाही, याचं मला आश्चर्य वाटत होतं. दगडाला साखळी बांधली आणि ओढला. दगडानं आधी ट्रॅक्टरचं एक चाक वर उचललं, मग माझी कंबर मोडली, आणि मग तो गाईसारखा सावकाश निघाला. तासाभरात नदीकाठी पोचवला. घरी येऊन पालथा पडलो.

सोमवारी सकाळी व्हर्ला दारात उभी होती. एका हातात माझी टोपी, दुसऱ्या हातात कंबरेला चोळायचं मलम.

“दगडाजवळ पडली होती,” ती म्हणाली. “खळग्यापासून नदीपर्यंत चर गेलाय, पाऊण मैलावरून दिसतो. चराच्या शेवटी दगड, दगडाशेजारी तुझी टोपी. टोपीवर तुझ्या दुकानाचं नाव आहे, आर्लो.”

मी टोपी घेऊन डोक्यावर घातली.

“फोनला जागा सांगणाऱ्या उपग्रहाला दगड दिसत नाही. त्याला आकडे दिसतात, आणि ते कौंटीच्या कपाटात आहेत. तुला हद्द हलवायची तर कपाट ओढायला हवं होतं.” तिनं मलम काउंटरवर ठेवलं. “हद्दीचा दगड हलवणं गुन्हा आहे. मी हे लिहिणार नाही. पण दुपारच्या आत तो जिथला तिथं पाहिजे.”

“माझी कंबर,” मी म्हटलं.

“चोळ आणि ये.”

ती टेप घेऊन लव्हाळ्यात उभी राहिली आणि मी ट्रॅक्टर मागे घेत आलो. बस मागे घेताना हात करतात तसे हात करून ती मला दिशा देत होती, “ये, ये, अजून, डावीकडे, थोडं, बस.” दगड खड्ड्यात बसला. तिनं टेपनं मोजलं, मग पुन्हा मोजलं, मग मला तीन इंच सरकवायला लावला. माती पायानं दाबली. कुणाला कळलं नसतं, की तो कधी फिरायला गेला होता.

त्याच दुपारी कंपनीतून तिच्या साहेबाचा फोन आला. दुकानाबाहेर, मोरीवर बसून ती फोन स्पीकरवर ठेवून बोलत होती. आत येत नव्हती, मी सांगितलं होतं ना पेट्रोल पंपावर जा म्हणून. पण खिडकी उघडी होती आणि माझे कान तेव्हा चांगले होते. साहेब पोरसवदा, लांबच्या कुठल्यातरी शहरातला, गोड बोलणारा.

“मॅडम, काम उत्तम आहे तुमचं. फक्त हंगाम संपेपर्यंत हा विषय थांबवू या का? जानेवारीत सावकाश दुरुस्त करू. आत्ता शनिवारची गर्दी आहे.”

“चूक आत्ता आहे,” व्हर्ला म्हणाली.

“बरोबर. पण आम्ही ती पडताळतोय, असं लिहू.”

“मी पडताळली. पडताळायलाच मला ठेवलंय. आणि नियमाप्रमाणे तपासणीच्या वहीची एक प्रत राज्याच्या कचेरीत जाते.”

“ती जाईलच ना, वर्षअखेरीला, सगळ्यांची एकदम.”

“माझी सकाळी पोस्टात टाकली.”

साहेब म्हणाला की ठीक आहे मॅडम, धन्यवाद मॅडम. दोन दिवसांनी तिला पत्र आलं. तिच्या सेवेबद्दल कंपनी अत्यंत आभारी होती, आणि येत्या शुक्रवारनंतर त्या सेवेची गरज नव्हती.

रेषा मात्र त्याच आठवड्यात दुरुस्त झाली. राज्याच्या कचेरीला हंगामाचं काही देणंघेणं नव्हतं, हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो.

शनिवारी मी सवयीनं मोठ्या पातेल्यात चिली केली. अकरा वाजता पोकॉर्नी आला. हा नेब्रास्कातला दातांचा डॉक्टर, पहिल्या हंगामापासूनचा माझा माणूस. घडीची खुर्ची, छत्री, टोपी, सगळं त्याच्या संघाच्या लाल रंगात. त्यानं खुर्ची मांडली, फोन काढला, दाबला. पुन्हा दाबला. उठून दहा पावलं चालला, हात वर करून दाबला.

“आर्लोकाका, तुमच्या मैदानाला काय झालंय?”

“नेब्रास्का झालंय,” मी म्हटलं.

मागून आणखी गाड्या येत होत्या. माणसं उतरायची, फोन दाबायची, शिव्या घालायची, पुन्हा गाडीत बसायची. मोरीपलीकडे व्हर्लाचा जुना ट्रक उभा होता. ती टपावर थर्मास ठेवून उभ्यानं कॉफी पीत होती आणि सगळं बघत होती. काम कालच संपलं होतं. पळून जाता आलं असतं. पण आपण केलेल्याचं काय होतं ते समोर उभं राहून बघायचं, अशी तिची रीत. पोकॉर्नीनं तिला ओळखलं आणि तो तरातरा तिच्याकडे गेला.

“बाई, हे तुम्ही केलंत? दोनशे पावलं इकडे की तिकडे, त्यानं काय आभाळ कोसळणार होतं?”

“तुम्ही दात काढता ना?”

“काढतो. मग?”

“दुखणाऱ्याच्या शेजारचा काढला तर काय आभाळ कोसळतं?”

पोकॉर्नीनं तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणाऱ्या माणसाला असं झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. तो खुर्ची घडी करून पेट्रोल पंपाकडे निघून गेला. तासाभरात मैदान रिकामं झालं. एक कावळा खडीवरून चालत गेला, नेब्रास्का ते आयोवा, आणि त्याला कुणी अडवलं नाही.

गावातल्या चार माणसांनी त्या दिवशी व्हर्लाच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. माझ्याकडे बघून, माझ्या बाजूनं. त्यांच्या समोर मला काही बोलता आलं नाही, आणि मला बोलता येत नाही असं कधी झालेलं नाही.

सोमवारी सकाळी मी दुकान उघडलं. गिऱ्हाईक नव्हतं. खिडकीतून बघतो तर व्हर्लाचा ट्रक मोरीवर उभा, आणि ती जाकीट घालून खळग्याच्या कडेनं निघालेली. सहा खिसे फुगलेले.

मी बाहेर गेलो. कंबर अजून धरत होती.

“तुझं काम शुक्रवारी संपलं ना?”

“फोन शुक्रवारपर्यंत परत पाठवायचे आहेत, म्हणजे येत्या शुक्रवारपर्यंत,” ती म्हणाली. “दुरुस्त केलेली रेषा कुणी चालून बघितलेली नाही. नऊ मैल राहिलेत.”

“पैसे कोण देणार?”

“कुणी नाही.”

“वही कुणाला पाठवणार?”

“राज्याच्या कचेरीला. ते वाचतील, न वाचतील.” ती थांबली होती, पण वळली नव्हती. “दोन्ही बाजूंनी एकदम तपासायला हवं खरं तर. मी एका बाजूनं जाते, मग त्याच वाटेनं दुसऱ्या बाजूनं परत येते. वेळ जातो.”

मी दुकानाच्या दारावर पाटी उलटी केली. परत येऊन हात पुढे केला. तिनं माझ्याकडे नीट बघितलं, पोरगं बसमध्ये चढताना त्याच्या बुटांना चिखल आहे का बघायची तसं. मग तीन खिशांतून तीन फोन काढून माझ्या हातावर ठेवले आणि कसं दाबायचं ते दाखवलं.

“तू तिकडच्या काठानं,” ती म्हणाली. “पन्नास पावलांवर थांबायचं. जे दिसेल ते ओरडून सांगायचं. जे दिसेल तेच, आर्लो. तुझ्या मनातलं नाही.”

“माझ्यावर विश्वास नाही?”

“तुझ्या कंबरेवर आहे. ती लांब पळू देणार नाही.”

आमच्या मधे जुन्या नदीचं कोरडं पात्र होतं, लव्हाळ्यांनी भरलेलं, वीस पावलांचं. कॉटनवुडच्या झाडांची पिवळी पानं त्यात पडत होती. व्हर्ला आयोवाच्या काठानं चालत होती, मी नेब्रास्काच्या. पन्नास पावलांवर ती थांबायची, मीही थांबायचो.

“हो, हो, हो,” ती तिच्या तीन फोनकडे बघून म्हणायची.

“नाही, नाही, नाही,” मी ओरडायचो.

ती माझी उत्तरंही वहीत लिहून घ्यायची, उभ्या उभ्या, वही हातावर धरून. मग पेन्सिल कानावर ठेवायची आणि मी निघालोय की नाही ते बघून पाऊल टाकायची.